कमजोर मनाच्या व्यक्तींनी पाहू नये

गच्चीवर उन्हात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलता सोलता कुंदा काहीतरी गुणगुणत होती, आणि आपण गुणगुणतो आहोत हे रंजितानं विचारेपर्यंत तिला माहीतच नव्हतं.

"काकू, हे तुम्हाले कुठून आलं?"

रंजिता तारेपाशी उभी होती. पिळलेला टॉवेल हातात तसाच, त्यातलं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. गच्चीवरच्या खोलीत ती भाड्यानं राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि आईचे दिवस करून आपल्या बंजारा तांड्यावरून कालच परत आली होती. कुंदानं विचारलं, कुठून काय गं? रंजिता म्हणाली, आता म्हणत होत्या ते. कुंदा म्हणाली, असंच, भजनातलं असेल काहीतरी.

"भजनातलं नाही," रंजिता म्हणाली. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. पोराचं गणित चुकलं की बाई सांगतात तसं ते होतं. "रोणं आहे हे. आमच्यातल्या बाया मयतावर रडतात तसं. पण शेवटी असं वर जाऊन तुटते ना, ते फक्त माही आई करे."

मग तिनं टॉवेल वाळत घातला, चिमटे लावले आणि खोलीत गेली. कडी लावल्याचा आवाज आला नाही. कुंदा त्या आवाजाची वाट पाहत बसली. हातात शेंग अर्धी उघडलेली, आत हिरवे दाणे एकमेकांना टेकून, आणि घशात तो सूर, वर जायच्या आधी जिथे थांबतो तिथेच थांबलेला. 

कारण तो सूर फोनमधला होता.

व्हिडिओ असा आहे. दारव्हा रोड. एक काळी-पिवळी जीप बाजूच्या शेतात उलटी पडली आहे, चाकं वर. रस्त्यावर चपला, एक डबा, फुटलेलं गाठोडं, त्यातून सांडलेल्या शेंगा. फोन धरणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, धावत आल्यासारखा. डांबराच्या कडेला एक बाई बसली आहे, पाय एका बाजूला दुमडून, आणि ती गाते आहे. कपाळावरून रक्त येऊन एक डोळा मिटला आहे आणि ती गाते आहे. मागून कोणी म्हणतं, डोक्याले मार लागला वाटते. कोणी हसतं, हसू नये तेव्हा हसू फुटतं तसं. मग ती बाई मान वळवते आणि

नाही. व्हिडिओ असा आहे. सकाळची वेळ, कुंदा दूध तापवत होती. भजनी मंडळाच्या ग्रुपवर इंदुताईंनी पाठवला. इंदुताई रोज सकाळी सुविचार पाठवतात, एकादशीला विठ्ठल, संकष्टीला गणपती. त्या दिवशी हे. वर लिहिलं होतं, आत्ताच घडलेली घटना, कमजोर मनाच्या व्यक्तींनी पाहू नये. आता हे वाचून कोण स्वतःला कमजोर मनाचं ठरवून फोन खाली ठेवणार? कुंदानं पाहिला. संपला. अंगठा पुन्हा लागला. अग बाई, असं तिच्या तोंडून निघालं, आणि अग बाई म्हणताना डोळे बारीक झाले होते, झाकले गेले नव्हते. तेवढ्यात रंजिता शाळेत जायला जिना उतरली. स्कार्फ बांधत खिडकीशी थांबली आणि म्हणाली, काकू, आज आई येऊन राह्यली, शेंगा आणून राह्यली, तुमच्यासाठी बी. हो का, कुंदा म्हणाली, बरं झालं. रंजिता गाडीला किक मारून गेली. कुंदाच्या हातात

कुंदाच्या हातात रुपीबाई होती. तळहाताएवढी. आणि कुंदानं तिला ओळखलं नव्हतं.

ओळखायला काही हरकत नव्हती. रुपीबाई, रंजिताची आई, या घरात येऊन गेली होती, एकदा नाही, अनेकदा. लेकीच्या खोलीत तिचा जीव रमत नसे. ती खाली येऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर, फ्रिजला पाठ टेकून बसायची. खुर्ची दिली तर म्हणायची, खुर्चीत बसलं की पाहुणी झाल्यावानी वाटते. हातावर कोपरापर्यंत गोंदण. चहात साखर जास्त. एकदा तिनं कुंदाचं मिक्सर पाहून विचारलं होतं, हे एवढं बोंबलते, तुम्हाले भीती नाही वाटत का ताई? कुंदा त्यावर किती हसली होती. आणि त्या बाईला, त्या गोंदणाला, त्या दुमडलेल्या पायाच्या बसण्याला तिनं दोन वेळा पाहिलं आणि ओळखलं नाही. काय पाहत होती मग? रक्त पाहत होती. जीपची चाकं, त्यातलं एक अजून फिरत होतं, ते पाहत होती. बाई तेवढी राहिली.

दुपारी रंजिताचा भाऊ ओम मोटरसायकल घेऊन आला. रुपीबाई दवाखान्यात नेताना वाटेतच गेली होती. रंजिता पिशवी भरायला वर गेली, खाली आली, चेहरा कोरडा, आणि कुंदाला म्हणाली, काकू, खोलीतल्या झाडाले पाणी घालजा. ती गेल्यावर कुंदानं फोन उघडला. तेव्हा ओळखलं. गोंदण दिसलं, मग सगळंच दिसलं, आणि तिनं फोन ओट्यावर पालथा ठेवला, सुरी ठेवावी तसा.

तिथेच थांबली असती तर आज ही शेंग अशी हातात राहिली नसती.

पण ती थांबली नाही. न्हाणीघरात नळ सोडून व्हिडिओ पाहिला. देवघरात समई लावून पाहिला, पाठ दाराकडे करून. नरहर, म्हणजे तिचा नवरा, निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरातच असतो, पण त्याला काही कळलं नाही. फोनला मात्र कळलं. फोन तिला दुसरे आणून देऊ लागला. कुठे पूल वाहून जाताना, कुठे नवरी मांडवात कोसळताना, कुठे मगर. एक मूल बाल्कनीच्या गजांत अडकलेलं. ही सगळी माणसं कुठली, कोणत्या देशातली, तिला माहीत नव्हतं. ती पाहायची, बोट वर सरकवायची, पुढचं पाहायची, आणि शेवटी ओळखीच्या गल्लीत परत वळावं तशी दारव्हा रोडवर यायची. पुण्याहून सलीलचा फोन आला तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की असलं काही आपोआप काहून येतं रे? मुलगा म्हणाला, आई, आपोआप नाही येत, तू कुठे थांबतेस ते त्यांना कळतं. पुढे तो बरंच काही सांगत होता. कुंदाच्या डोक्यात तेवढंच राहिलं. तू कुठे थांबतेस.

शेंगा संपल्या. सोले वाटीभर झाले. टरफलांचा ढीग किती मोठा आणि दाणे किती थोडे. खोलीचं दार लोटलेलं होतं, आतून कसलाही आवाज नव्हता. उठून जावं, दार ढकलावं, सांगावं. काय सांगावं? की तुझ्या आईचं रडणं माझ्या तोंडात बसलं, पालक निवडताना, कपडे धुताना, आणि मला वाटलं गाणं आहे? रंजिता आजारी पडली की कुंदा तिला पेज नेऊन देते. कुंदाचा गुडघा दुखतो तेव्हा रंजिता दळण आणते. सणाच्या दिवशी तीन पानं मांडली जातात. हे सगळं आता एका कडीवर आलं होतं. रंजितानं कडी लावली नव्हती. पण महिन्याच्या शेवटी टेंपो आणून, खाट उतरवून, काकू येते म्हणून ती निघून गेली तर तिला कोण अडवणार? आणि जाताना ती मनात काय घेऊन जाईल? की खालची बाई माझ्या आईचं मरण रोज पाहत होती, सिरियल पाहावी तसं.

जेवताना तिनं नरहरला विचारलं, तुम्ही पाहिला होता का तो? कोणता, तो म्हणाला. रंजिताच्या आईचा. नरहरनं भाताला दही कालवलं, बराच वेळ कालवलं.

"थोडासा. सुरुवातीचा."

"सुरुवातीचा म्हणजे किती?"

"जेवू दे न, कुंदा."

मग तो आपणहून बोलू लागला. माणूस पाहतोच, असं त्याचं म्हणणं. रस्त्यात भांडण लागलं असलं की स्कूटर हळू होते. आपण नाही करत, स्कूटरच होते. तो कचेरीत होता तेव्हा एकदा आर्णी रोडवर ट्रकखाली कोणी आलं तर अख्खी कचेरी फाइली टाकून गॅलरीत उभी होती, साहेबासकट, आणि साहेब सगळ्यांना ओरडत होता की गर्दी करू नका. कुंदाला हसू आलं. ते हसू आल्याबरोबर तिला व्हिडिओतलं ते हसू आठवलं, मागचं, कोणाचं ते दिसत नाही. त्या माणसाचा आतापर्यंत तिला राग होता. तो राग ताटातच जरा पातळ झाला.

सुरुवातीचा. सगळे सुरुवातीचाच पाहतात. भजनी मंडळात विचारलं तर सगळ्या हेच म्हणतील, मी तर लगेच बंद केला बाई, आणि सगळ्यांना शेवट माहीत असेल.

ती आडवी झाली. डोळे मिटले. पापणीच्या आतल्या लालसर उजेडात लहानपणीचं राजूर आलं. तिचे वडील तिथल्या खाणीच्या कचेरीत होते. क्वार्टर, कोळशाची भुकटी, दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत करडे. एक दिवस भोंगा अवेळी वाजला. भोंगा ज्या वेळी वाजतो त्या वेळी तो घड्याळ असतो, अवेळी वाजला की जनावर होतो. आईनं कांदा चिरता चिरता टाकला, कुंदाला बकोटीला धरलं आणि निघाली, एका पायात स्वतःची चप्पल, एका पायात वडिलांची. खाणीच्या तोंडाशी गर्दी. गर्दीला वास होता, घामाचा, बिडीचा, आणि आणखी कसला तरी, सगळे एकदम श्वास धरतात तेव्हाचा. स्ट्रेचर आलं. आईचा तळहात कुंदाच्या डोळ्यांवर आला. कांद्याचा तिखट वास, डोळ्यांत पाणी, आणि बोटांच्या फटीतून एक पाऊल. काळं, बूट नसलेलं, अंगठ्याचं नख तेवढं पांढरंस्वच्छ, जणू आत्ताच कोणी पुसलं. तेवढंच. चेहरा नाही. चेहरा आईच्या बोटाआड गेला आणि तिथेच राहिला, आजपर्यंत. कुंदानं मान खाली घातली, दुसरीकडून दिसतं का पाहायला, तर तिला आईच्या टाचा दिसल्या. आईनं तिचे डोळे झाकले होते आणि स्वतः टाचा उचलल्या होत्या.

आईच्या टाचा. त्या मायाळू, कर्मठ, मुंगीलाही वाट देणाऱ्या बाईच्या टाचा. पुढे कितीतरी दिवस शेजारणी येत आणि आई त्यांना सांगत असे, प्रत्येक वेळी एक गोष्ट जास्त. कुंदा दाराआडून ऐकायची. आई सांगायची आणि सांगताना तिचा हात मागे खुंटीवर जायचा, वडिलांच्या सदऱ्याकडे. सदरा चाचपायचा. आहे. मग पुढचं सांगायची. म्हणजे हेच का? दुसऱ्याचं पाहून आपल्याकडचं मोजून घेणं, आहे ना, आहे? असेल. तिनं स्वतः तो व्हिडिओ पाहून झाल्यावर सलीलला फोन केला होता, काही काम नसताना, जेवलास का म्हणून. पण तेवढंच असतं तर एकदा चाचपून भागलं असतं. आणि खरं बोलायचं, पापण्यांच्या आत तरी, तर त्यात एक गोडीही होती. विहिरीत वाकून पाहताना पोटात जे होतं ते. आपण पडणार नाही हे माहीत असताना तोल जरासा जाऊ देणं. ही गोडी तिनं देवापुढेही कबूल केली नसती. पण होती. पहिल्या दोन वेळा होती. तिसऱ्या वेळी, गोंदण दिसल्यावर, गेली. गोडी गेली आणि पाहणं राहिलं. त्याला काय म्हणायचं?

व्हिडिओ असा आहे. मग ती बाई मान वळवते आणि बघते. फोन धरणाऱ्याकडे बघते, म्हणजे कुंदाकडे बघते. एका उघड्या डोळ्यानं. त्यात राग नाही. मदत करा असंही त्यात नाही. दारात कोणी आलं तर कोण आलं म्हणून आपण बघतो, तसं बघते. गाणं क्षणभर थांबतं. मग ती पुन्हा समोर बघू लागते, सूर वर जातो, तुटतो, आणि व्हिडिओ संपतो. काळा चौकोन, मध्ये बाण. बाण दाबला की ती पुन्हा बसलेली असते, जिवंत. दाबला नाही की ती तिथेच, रस्त्याच्या कडेला, आणि आपण निघून आलेलो. कुंदाला दर वेळी वाटायचं, ती आपल्याकडे बघत असताना फोन बंद कसा करायचा? आणि ती बघून झाली की वाटायचं, आता तर ती मरणार, आता कसा बंद करायचा? बाण. पुन्हा बाण. हे पाहणं होतं की सोबत होती, की सोबतीचं नाव दिलेलं पाहणं होतं, ते तिला

चार वाजता रंजिता खाली आली.

चहा ठेवू का, असं कुंदानं विचारलं. ठेवा, रंजिता म्हणाली, आणि फ्रिजला पाठ टेकून फरशीवर बसली. खुर्ची रिकामीच होती. नरहर बाहेरच्या खोलीत होता, त्याच्या पेपराचा आवाज थांबला. आधण ठेवलं. साखर घातली. कुंदाला वाटलं, आपणच बोलावं, तिला विचारायला लावू नये. तिनं गॅसकडे पाहतच सांगून टाकलं, की तो व्हिडिओ फोनवर आला होता, इंदुताईंनी पाठवला होता, तिनं पाहिला, आणि तो सूर त्यातलाच. त्या दिवशी सकाळी शाळेत जाताना तू खिडकीशी थांबलीस, तेव्हा तो माझ्या हातात होता, हेही सांगितलं. मला ओळखू आली नाही गं तुझी आई. हे बोलून झाल्यावर तिनं हातातली सांडशी ओट्यावर ठेवली.

रंजितानं पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, ओमनं तांड्यावर घरोघर जाऊन सगळ्यांच्या फोनमधून काढायला लावला. म्हातारे होते त्यांच्या फोनमधून यानंच काढला. बापू, म्हणजे तिचे वडील भावसिंग, त्याला म्हणाले, बेटा, यवतमाळात कोणाकोणाच्या घरी जाशील?

"तू पाहिला नाहीस?"

"नाही. पाहिला तर मले तेच दिसत राहीन. बाकीची आई निघून जाईन." ती फरशीवरच्या पिठाच्या डागावर बोट फिरवत होती. "पण काय झालं ते मले माहीत पाहिजे. तांड्यावर विचारलं तर सगळे म्हणतात, आम्ही नाही पाहिला. तुम्ही पाहिला काकू. तुम्ही सांगा."

कुंदा तिच्यासमोर बसली. गुडघा करकरला. सांगायला तिनं तोंड उघडलं आणि तिला कळलं, की इतक्या वेळा पाहूनही सांगता येईल असं तिच्यापाशी फार थोडं आहे. रक्त सांगता येत नव्हतं. चाक सांगता येत नव्हतं. मग तिनं हिरव्या साडीपासून सुरुवात केली. रस्त्याच्या कडेला बसली होती, तिनं सांगितलं, अशी, तू बसली आहेस तशीच. पदर डोक्यावर होता. पदर घसरला तर एका हातानं नीट करत होती. शेंगांचं गाठोडं जवळच होतं. काही सांडल्या होत्या, तर हाताशी येतील तेवढ्या ती ओढून घेत होती. हे कुंदाला आत्ता, बोलता बोलता दिसलं. इतक्या वेळा पाहून दिसलं नव्हतं.

"पाणी दिलं का तिले कोणी?"

चहाला उकळी आली होती. कुंदा उठली नाही. हो म्हणणं सोपं होतं. व्हिडिओ तांड्यातून गेलेला, रंजिता पाहणार नाही, कोण तपासायला येणार? एक घोट पाणी, एक दयाळू माणूस, आणि ही पोरगी जन्मभर त्याच्या नावानं हात जोडेल.

"नाही," कुंदा म्हणाली. "एक जण बाटली घेऊन वाकला होता. पांढऱ्या शर्टातला. पण कोणी तरी म्हणालं, पाणी देऊ नका, दवाखान्यात नेईपर्यंत. मग त्यानं झाकण लावलं. पण तो तिथून गेला नाही. बाटली धरून तिच्या मागे उभा होता, ऊन तिच्यावर येत होतं तिथे."

"बरोबर आहे. नसते देत पाणी," रंजिता म्हणाली. शाळेत प्रथमोपचाराचा तक्ता लावलेला असतो, त्यातलं वाक्य वाचावं तसं. मग तिचा खालचा ओठ हलला. "अन् रडत होती?"

"मला वाटलं, गाते आहे."

"म्हणत काय होती?"

हे कुंदाला पाठ होतं. अर्थ न कळता पाठ होतं, मंत्र होतो तसं. तिनं सुरात नाही म्हटलं, नुसतं सांगितलं. याडी. याडी ए. तू गी, मन एकली छोडन गी.

रंजिता हसली. म्हणजे तोंड हसल्यासारखं झालं. ती म्हणाली, याडी म्हणजे आई. आई तू गेली, मले एकटीले सोडून गेली, हे लेक म्हणते, आई मेली की. आईच्या आईले जाऊन किती वर्षं झाली काकू. तिच्यासाठी आई रडून मोकळी झाली होती, मी लहान होती, मले आठवते. हे तिच्यासाठी नव्हतं.

तिचं बोट पिठाच्या डागावर थांबलं.

"हे माह्या वाट्याचं होतं. मी तिथं नव्हती म्हणून तिनंच म्हणून घेतलं."

 असं असेलच असं नाही, मरताना माणूस आपल्या आईला हाक मारतोच, असं काहीतरी शहाणपणाचं कुंदाच्या जिभेपर्यंत आलं आणि तिनं ते आतच राहू दिलं. रंजिता सांगत होती. तांड्यावर नेलं तेव्हा बाया जमल्या होत्या, पुष्पा काकीनं तिच्या गळ्यात हात टाकला होता, रोणं सुरू करणारच होती. तर ओम मधे आला. ताई, सुरात नको रडू, पोरं फोन काढून उभे आहेत. खरंच होते. कुंपणापाशी, दारव्ह्याची पोरं, पाहायला आलेली, व्हिडिओतली गाणारी बाई कोणती होती म्हणून. मग पुष्पा काकी पण गप झाली. सगळ्या बाया तोंडात पदर घालून बसल्या. असं मयत तांड्यावर कधीच नाही झालं, एवढं चूप. बापू मधेच उठून विचारे, काहून रडून नाही राह्यल्या तुम्ही?

"मी नाही रडली काकू. अजून नाही रडली."

चहा उतू गेला. करपल्या साखरेचा वास आला. बाहेरच्या खोलीतून नरहर दारापर्यंत आला, दोघींना फरशीवर पाहिलं, आत येऊन गॅस बंद केला आणि पावलांचा आवाज न करता परत गेला. जाताना त्यानं दार ओढून घेतलं.

"वर खोलीत करून पाहिलं," रंजिता म्हणाली. "तुम्ही सकाळी म्हणत होत्या न, तवा वाटलं आता येईन. दार लोटून बसली. नाही आलं. एकटीनं नाही होत हे. दुसरी बाई लागते."

"मला काही येत नाही गं त्यातलं."

"तुम्हाले काही म्हणायचं नाही. नुसतं बसायचं."

ती गुडघ्यांवर सरकत पुढे आली. तिनं दोन्ही हात कुंदाच्या गळ्यात टाकले आणि हनुवटी तिच्या खांद्यावर ठेवली. जड होती. एवढीशी दिसणारी मुलगी इतकी जड कशी, असं कुंदाला वाटलं. केसांना कालच्या धुराचा की तेलाचा वास येत होता. आधी नुसता श्वास, आत ओढलेला, आणखी आत ओढलेला, आणि मग आवाज निघाला. तो कानातून आला नाही. खांद्याच्या हाडातून आला, बरगड्यांत उतरला, तिथून कुंदाच्या पोटात. फोनमध्ये तो आवाज बारीक होता, पत्र्याचा. हा तसा नव्हता. याला ओल होती, कुंदाच्या मानेवरून ती ब्लाउजच्या आत उतरत होती. शब्द कळत नव्हते. मधे एकदा दारव्हा आलं, एकदा शेंगा आल्या असाव्यात, एकदा काकू असंही काहीतरी आलं, आणि कुंदाला धक्का बसला, या रडण्यात आपलंही नाव घेतात? तक्रार म्हणून घेतलं की नातं म्हणून, हे तिला कधी कळणार नव्हतं, आणि विचारायचंही नव्हतं.

कुंदाच्या समोर भिंत होती. दिनदर्शिका, सिलिंडर, करपलेला ओटा. रंजिताचा चेहरा तिच्या पाठीमागे होता, जिथून तो दिसणं शक्य नव्हतं. तो कसा झाला असेल? ओठ कसे, डोळे उघडे की मिटलेले? कुंदाची मान आपसूक मागे जायला निघाली, जरासं दूर होऊन पाहायला. रंजिताचे हात घट्ट झाले. सूर वर चढत होता. कुंदानं मान सोडून दिली, त्या मुलीच्या कानाला आपला गाल लागू दिला, आणि भिंतीकडे तोंड करून ती तशीच बसून राहिली, तो तुटेपर्यंत, आणि तुटून पुन्हा खालून सुरू झाला तरी.